जिना, खुर्ची आणि दोन पिशव्या : घरच्या घरी ताकदीचा व्यायाम

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या भाषणाचे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी काय बोलावे याबद्दल कमिटीची अपेक्षा वेगळी होती. बँकेत पस्तीस वर्षे काढलेला माणूस म्हणजे नॉमिनेशन, मृत्युपत्र, नाहीतर ज्येष्ठांच्या ठेवी यावर बोलणार, असे त्यांनी धरून चालले होते. मी म्हटले, त्या कामासाठी कधीही घरी या, चहा देईन आणि फॉर्मही भरून देईन. पण आज मला पायातल्या आणि हातातल्या ताकदीवर बोलू द्या. सेक्रेटरी जरा गोंधळले. म्हणाले, "काका, योगासनं का?" मी म्हटले, योगासने उत्तमच, पण आपला विषय थोडा वेगळा आहे. वजन उचलणे, ढकलणे, ओढणे, खाली बसून वर उठणे. जिमची फी न भरता आणि आठवड्यातला तासभरही न देता हे घरात कसे करायचे, ते सांगणार आहे.

एक खुलासा आधीच करतो. मी डॉक्टर नाही. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. चार वर्षांपूर्वी, सत्तरीत असताना, मी हे तिच्याकडून शिकलो. आजचे टिपणही तिने वाचून दिले आहे. हिशेब ठेवण्याची सवय तेवढी माझी.

आपला जिना

आपली इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची. लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यापर्यंत ७२ पायऱ्या आहेत, मी मोजल्या आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा लिफ्ट नाही म्हणून मेंटेनन्स कमी, याचा आपल्याला आनंद झाला होता. आठवते ना? लोखंडी कपाटे आपणच चढवली. आमचे कपाट ज्या चौघांनी तिसऱ्या मजल्यावर चढवले, त्यातले तिघे आज इथे बसले आहेत. आता त्यांना पाण्याची बाटली वर न्यायची असली तरी नातवाला हाक मारावी लागते. हसू नका, माझेही तेच होते.

गेल्या तीन वर्षांत दोन कुटुंबांनी आपली सोसायटी सोडली. एकांना मुलाकडे पुण्याला जावे लागले, दुसऱ्यांनी घर विकून लिफ्टच्या इमारतीत लहान घर घेतले. दोघांचेही कारण एकच, जिना चढवत नाही. बावीस-तेवीस वर्षांचा शेजार, गणपतीची आरती, अडीअडचणीला असलेली किल्ली, सगळे ७२ पायऱ्यांपायी सुटले. पुनर्विकासाची चर्चा चालू आहे. होईल तेव्हा होईल. कागदपत्रे, विकासक, मंजुऱ्या, भाड्याच्या घरात काढायची वर्षे, याचा अंदाज सगळ्यांनाच आहे. लिफ्ट येईपर्यंत आपले पाय टिकले पाहिजेत, हा आज माझा मुद्दा आहे.

आणि बी विंगमध्ये असे चार जण आहेत, जे दवाखान्याशिवाय खाली उतरत नाहीत. आज या गच्चीवरही ते आलेले नाहीत. त्यांच्यासाठीच हे भाषण स्मरणिकेत छापून घ्यायचे ठरले.

शरीराचा घसारा

बँकेत आणि कंपनीच्या ताळेबंदात एक रकाना असतो, घसारा. यंत्र वापरा किंवा न वापरा, दरवर्षी त्याची किंमत काही टक्के कमी धरतात. स्नायूंचे तसेच आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. या प्रकाराला नावसुद्धा फार उशिरा मिळाले. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी १९८९ साली त्याला 'सार्कोपेनिया' म्हटले. ग्रीक शब्दांवरून केलेले नाव आहे, अर्थ मांसाची उणीव.

ही घट गुपचूप होते. पासबुकात एंट्री होत नाही. वजनकाट्यावर आकडा तोच राहतो, कारण स्नायू गेले तिथे चरबी आलेली असते. आपल्याला कळते ते एक दिवस सोफ्यावरून उठताना हात टेकावा लागतो तेव्हा, नाहीतर बसच्या पायरीवर पाय उचलत नाही तेव्हा.

पण यंत्राच्या घसाऱ्यात आणि यात एक मोठा फरक आहे. जुने यंत्र परत नवे होत नाही. स्नायू मात्र कोणत्याही वयात कामाला लावले की वाढतात. १९९० साली बोस्टनमध्ये डॉ. मारिया फिआटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. वृद्धाश्रमासारख्या संस्थेत राहणारी, नव्वदीच्या आसपासची, अशक्त अशी दहा माणसे घेतली. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे शंभराची पावणेतीनशे झाली! नव्वदीत. १९९४ साली त्यांनीच ७२ ते ९८ वयाच्या शंभर जणांवर मोठा अभ्यास केला, त्यातही ताकद दुपटीच्या वर गेली. आता आपल्यापैकी कोणी "या वयात काय होणार" म्हणू नये, एवढ्यासाठी हे आकडे सांगितले.

"आम्ही रोज चालतो की"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येते. चालणे सोडू नका. हृदयाला, साखरेला, मनाला ते चांगलेच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्या सूचना दिल्या, त्यात दोन वेगळे रकाने आहेत. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा, हा एक. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस शरीराच्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, हा दुसरा. ६५ वर्षांवरच्यांसाठी आणखी एक जोड आहे, तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. एका रकान्यातली रक्कम दुसऱ्यात दाखवून हिशेब जुळत नाही, हे ऑडिटच्या वेळी आम्हाला चांगले कळायचे.

दुसरा प्रश्न, "रोज जिना चढतो, मग पायाला वेगळा व्यायाम कशाला?" याचे उत्तर असे, की शरीर रोजच्या कामाला सरावते आणि तेवढीच ताकद ठेवते. ७२ पायऱ्यांपुरतीच ताकद असेल तर वर शिल्लक काहीच नाही. मग आठ दिवस ताप येतो, अंथरुणात पडून राहावे लागते, आणि उठल्यावर जिना डोंगर होतो. ताकदीचा व्यायाम ही राखीव निधीची सोय आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जोर, बैठका, मुद्गल, करेल हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. गावोगावी तालमी होत्या. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, शाळांमधून मुलामुलींना ते घालायला लावले, त्यावर पुस्तके लिहिली. सूर्यनमस्कारात अर्धा जोर येतोच. आपल्या पिढीने मध्येच तालीम सोडली आणि खुर्चीची नोकरी धरली. मीही त्यातलाच.

आधुनिक वैद्यकात या विषयाची गाडी रुळावर आणली ती थॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक महिनोन्महिने रुग्णालयात पडून असत. डिलॉर्मने त्यांना वजने उचलायला लावली, आणि जसजसे झेपेल तसतसे वजन वाढवत नेले. १९४५ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. आज ज्याला तीन सेट आणि दहा वेळा म्हणतात, ती पद्धत त्याच्याच कामातून रूढ झाली. त्यातला मुख्य नियम एका वाक्यात सांगतो. आज जे जड वाटते ते सोपे झाले, की थोडे वाढवायचे. आवर्ती ठेवीसारखे आहे, फक्त इथे हप्ताही हळूहळू वाढत जातो.

आधी परीक्षा

सुरुवात करण्याआधी आपली शिल्लक किती, ते पाहून घ्या. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक साधी चाचणी आहे. हात नसलेली, चाके नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मधोमध बसा, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीवर आडवे. कोणीतरी घड्याळ धरावे. ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसायचे, किती वेळा उठलात ते मोजायचे. हात टेकले तर शून्य.

अमेरिकेच्या आरोग्य खात्याने ज्येष्ठांसाठी दिलेले आकडे असे आहेत. ६० ते ६४ वयात पुरुषांचे १४ पेक्षा आणि स्त्रियांचे १२ पेक्षा कमी आले, तर ते सरासरीच्या खाली. ६५ ते ६९ मध्ये १२ आणि ११. ७० ते ७४ मध्ये १२ आणि १०. ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०. ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. त्याखाली आलात तर पडण्याचा धोका जास्त, असा त्याचा अर्थ. आकडा कमी आला तर वाईट वाटून घेऊ नका. डायरीत तारीख घालून लिहा. माझा पहिला आकडा ९ होता. आज ७४ व्या वर्षी १५ आहे.

पाच हालचाली

आता प्रत्यक्ष काम. पाच हालचाली पुरतात.

पहिली, खुर्चीवरून उठबस. चाचणीत केली तशीच, पण घाई न करता. बसताना मनात एक-दोन-तीन म्हणत सावकाश खाली यायचे, धप्पकन नाही. आठ ते दहा वेळा. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, किंवा सुरुवातीला हात टेका. सोपे झाले की छातीशी पाच किलोची पिठाची पिशवी धरा. आपल्या आजीच्या बैठकीचीच ही धाकटी बहीण.

दुसरी, ढकलणे. भिंतीपासून हातभर लांब उभे राहून भिंतीवर जोर काढायचे. शरीर टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ. भिंत सोपी झाली की स्वयंपाकघरातला ओटा. ओटा सोपा झाला की जिन्याची तिसरी-चौथी पायरी. तरुणांनी थेट जमिनीवर उतरावे. ओटा कोरडा आहे ना, ते आधी पाहा.

तिसरी, ओढणे. एका हाताने खुर्चीची पाठ धरून पुढे झुकायचे, दुसऱ्या हातात बाटल्या भरलेली पिशवी, आणि विहिरीतून पोहरा वर काढावा तशी कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढायची. दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर वाकून बसणाऱ्यांना ही सगळ्यात जास्त लागते.

चौथी, उचलणे आणि वाहणे. दोन पिशव्या जमिनीवर. पाठ सरळ ठेवून, कुल्ले मागे नेत, गुडघे किंचित वाकवून त्या उचलायच्या आणि पॅसेजमध्ये पंधरा-वीस पावले जाऊन परत यायचे. खांदे मागे, नजर समोर. बाजारातून भाजी आणतो तेच, फक्त शिस्तीने. मुठीची ताकद यातूनच येते. बरणीचे झाकण उघडायला मग शेजारी जावे लागत नाही.

पाचवी, टाचा आणि तोल. ओट्याला हात लावून उभे राहा. टाचा उचलून चवड्यांवर या, हळू खाली. दहा वेळा. मग एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. हात ओट्याजवळच असू द्या.

प्रत्येक हालचालीचा आधी एकच फेरा. दोन आठवड्यांनी दोन फेरे. मध्ये मिनिटभर थांबायचे. वजन किती घ्यायचे? शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण शरीराची ठेवण बिघडता कामा नये. आणखी दहा सहज झाले असते तर वजन हलके आहे. पाचव्यालाच चेहरा वाकडा झाला तर जास्त आहे.

खर्चाचा तपशील

माझ्या डायरीतून वाचून दाखवतो. खुर्ची, घरची, शून्य रुपये. दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या, शून्य. मजबूत कापडी पिशव्या दोन, २४० रुपये. न घसरणारी चटई, ४०० रुपये. डायरी, ४० रुपये. सहा महिन्यांनी एक रबरी पट्टा घेतला, ४५० रुपये. चार वर्षांचा एकूण भांडवली खर्च ११३० रुपये. पट्टा सुरुवातीला अजिबात लागत नाही.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तर शाळेतले गणित. दोन लिटरची भरलेली बाटली दोन किलोची. पिशवीत एक बाटली, मग दोन, मग तीन, असे वजन दोन-दोन किलोंनी वाढते. अर्धी भरली तर एक किलोने वाढते. कोरडी वाळू भरली तर तीच बाटली पाण्याच्या दीडपट तरी जड होते. झाकणाला चिकटपट्टी लावा, नाहीतर हॉलमध्ये वाळू पसरली की घरातला आर्थिक वर्षअखेर लवकर येतो.

वेळ कुठून आणायचा

आपल्या सोसायटीत सकाळची सहा-पन्नासची लोकल पकडणाऱ्या मुली आहेत, रात्री दहाला घरी येणारी मुले आहेत. त्यांना "पहाटे पाचला उठा" हे सांगणाऱ्यांची कमतरता नाही, मी त्यात भर घालणार नाही. आठवड्यात १०,०८० मिनिटे असतात. वीस मिनिटांची दोन सत्रे म्हणजे ४० मिनिटे. अर्धा टक्काही भरत नाही.

वीस मिनिटेही सलग मिळत नसतील तर तुकडे करा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावरचे जोर आणि टाचा. मुलाचा अभ्यास घेताना खुर्चीची उठबस. संध्याकाळी पाणी आले की बाटल्या भरल्याच आहेत, तेव्हा पिशव्यांचे दोन फेरे. फक्त एक करा. वार ठरवा. आमच्या घरी सोमवार, गुरुवार, आणि जमले तर शनिवार. मधला दिवस विश्रांतीचा, कारण स्नायूंची दुरुस्ती तेव्हाच होते. पाहुणे आले, लग्नकार्य आले, चुकले तर चुकले. चुकलेला हप्ता दुसऱ्या दिवशी दंडासकट भरू नका, पुढच्या ठरल्या वारी पुढे चालू.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत दंड फुगलेले दिसणार नाहीत. ताकद मात्र वाढलेली जाणवेल, कारण आधी मज्जातंतू शिकतात, आहे त्याच स्नायूंना कामाला लावतात. आकार नंतर येतो. म्हणून आरशात पाहू नका, डायरीत पाहा. वार, किती वेळा, किती किलो, एवढे तीनच रकाने.

आमच्या घरची गोष्ट

हे सांगू की नको असा विचार करत होतो, पण सौभाग्यवतींनी परवानगी दिली आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सकाळी भाजी आणायला गेलो होतो. ही देवघराखालचा कप्पा पुसायला जमिनीवर बसली. पुसून झाले आणि उठता येईना. पडली नव्हती, लागले नव्हते, काही दुखत नव्हते. फक्त उठता येत नव्हते. धरायला जवळ काही नाही, फोन टीपॉयवर. दाराला आतून कडी. मी आलो, बेल वाजवली, ती आतून म्हणते, "थांबा हो, येते." आणि येत नाही. पाऊण तास मी दाराबाहेर आणि ती आत. शेवटी ती बसल्या बसल्या सरकत सरकत दारापर्यंत आली, दाराशेजारच्या स्टुलाला धरून गुडघ्यांवर झाली आणि कडी काढली. मग मी तिला उठवायला गेलो, तर मलाही ते एकट्याला जमेना. समोरच्या घरातून मुलाला बोलावले.

त्या दिवशी ती एकच म्हणाली, "मला आजार काही नाही, आणि तरी मी उठू शकले नाही." दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. तिने आधी जमिनीवरून उठायची रीत शिकवली. कुशीवर वळा, हातांवर भार देऊन चौरंगासारखे हात-गुडघ्यांवर या, खुर्चीपर्यंत रांगा, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात ठेवा, बरा पाय पुढे घ्या, आणि दाब देऊन उठा. घरातल्या प्रत्येकाने ही रीत एकदा करून ठेवावी. पडल्यावर शिकायला वेळ नसतो. मार लागला असेल, कंबर किंवा मांडी दुखत असेल, तर मात्र उठायचा प्रयत्न न करता मदत बोलवावी.

मग खुर्चीची उठबस सुरू केली. पहिल्या आठवड्यात दोन उश्या लागल्या. चार महिन्यांनी उश्या गेल्या. यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती सतरंजीवर बसली आणि कोणाचा हात न धरता उठली. गुडघ्याचा संधिवात आहे तो आहेच, तो काही गेलेला नाही. पावसाळ्यात दुखतो. पण दाराला आतली कडी आता ती बिनधास्त लावते.

ताटातली भर

विटा नसतील तर गवंडी काय करणार? स्नायूंच्या विटा म्हणजे प्रथिने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. ज्येष्ठांसाठी बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात.

महागडे डबे आणायची गरज नाही. हिशेब पाहा. दोन पेले दूध किंवा त्याचे दही, साधारण १३ ग्रॅम. चार पोळ्यांतून १२. एक चांगली वाटीभर घट्ट वरण, ७. मोड आलेल्या मटकीची उसळ, ९. मूठभर शेंगदाणे, ७. झाले ४८. अंडे खाणाऱ्यांनी एका अंड्याचे ६ धरावेत. आपली अडचण वेगळीच असते. "आता आम्हाला दोघांना काय लागतं" म्हणत रात्री चहा-खारी किंवा पातळ पेज. वरण म्हणजे पिवळे पाणी. तिथे डाळ वाढवा, एवढेच. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

सांभाळायच्या गोष्टी

वजन उचलताना श्वास कोंडू नका, रक्तदाब एकदम वर जातो. जोर लावताना श्वास सोडायचा, सैल होताना घ्यायचा. कळत नसेल तर मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप सुटतो. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतेच झालेले ऑपरेशन, हर्निया, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान, यापैकी काही असेल तर आधी डॉक्टर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये. छातीत दुखले, चक्कर आली, धाप लागून बोलता येईना, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

व्यायामानंतर एक-दोन दिवस मांड्या आणि दंड ठणकतात, ते स्वाभाविक आहे. सांध्यात टोचल्यासारखे किंवा चमक निघाल्यासारखे दुखणे वेगळे. तिथे वजन कमी करा, किंवा ती हालचाल सोडून विचारून घ्या.

विचारले गेलेले प्रश्न

भाषणानंतर दोन प्रश्न आले, तेही इथे देतो.

ए विंगमधल्या एका सूनबाईंनी विचारले, "वजनं उचलून बायकांचं शरीर पुरुषी होतं का हो काका?" माझ्या आधी भाचीनेच उत्तर दिले. नाही. तसे शरीर करायला वर्षानुवर्षांची खास मेहनत लागते, पिशव्यांनी ते होत नाही. उलट पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, म्हणून ताकदीच्या व्यायामाची गरज त्यांना जास्तच.

दुसरा प्रश्न चौथ्या मजल्यावरच्या माझ्या मित्राचा. "अरे, इतकं करून किती वर्षं वाढतात?" त्याला मी म्हटले, वर्षांची हमी मी बँकेत असतानाही कोणाला दिली नाही. तू कोजागिरीला गच्चीवर स्वतःच्या पायांनी येशील, एवढ्यासाठी कर.

कमिटीला विनंती

दोन गोष्टी मागतो आणि थांबतो. आपल्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे. भिंतीच्या बाजूनेही दांडी बसवावी, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिथे नेहमी अंधार असतो, तिथे दिवा लावावा. सिंकिंग फंडातून की दुरुस्ती निधीतून, ते सर्वसाधारण सभा ठरवेल. कोटेशन मी आणून देतो.

दुसरे, दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी खाली स्टिल्टमध्ये असेन. पाच खुर्च्या सोसायटीच्या आहेतच. बी विंगमधले जे चार जण खाली येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे पहिल्या महिन्यात मी आणि सौभाग्यवती वर जाऊ. त्यांचा ३० सेकंदांचा आकडा डायरीत लिहू. येताना प्रत्येकाने दोन रिकाम्या बाटल्या आणाव्यात. पाणी आपल्याला साडेसहालाच येते.